चिकूच्या माहेरी : जहाजावरून माया नगरांकडे

पहिला दिवस, रविवार : गॅल्व्हेस्टन

माझे माहेर डहाणू तालुक्यातील घोलवडचे. आमच्या घराच्या मागच्या दारापासूनच चिकूची वाडी सुरू होत असे. हे झाड मूळचे आपल्या मातीतले नाही, फार दूरच्या देशातून आले आहे, असे वडिलांनी मला शाळकरी वयात सांगितले होते, पण ते मला मुळीच खरे वाटले नव्हते. पुढे पुण्यात पंचवीस वर्षे इतिहास शिकवताना मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीविषयी वाचत गेले, तेव्हा तो देश कोणता हे कळले. तो प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर आला.

मुलगी ह्यूस्टनला असते. या जानेवारीत तिने आणि जावयांनी आम्हा दोघांना घेऊन पश्चिम कॅरिबियन समुद्रात आठवडाभराची जहाजसफर करायचे ठरवले, तेव्हा मी एकच अट घातली. जहाज ज्या तीन बंदरांवर थांबणार होते, त्या प्रत्येक ठिकाणी आपण माया लोकांचे एक तरी स्थळ पाहायचे. कोस्टा मायाहून चाक्चोबेन, बेलीझहून लामानाई आणि कोसुमेल बेटावर सान हेर्वासिओ, अशा तीन सहली आम्ही आधीच निश्चित केल्या. कोसुमेलहून बहुतेक प्रवासी समुद्रकाठच्या प्रसिद्ध तुलुमला जातात. पण त्यासाठी पाऊण तास बोटीने मुख्य भूमीवर जायचे आणि तिथून पुन्हा तासभर बसने. म्हणजे दिवसाचा मोठा भाग वाटेतच संपणार, म्हणून आम्ही ते टाळले. सहली जहाजाच्याच घेतल्या. त्या थोड्या महाग पडतात, पण जहाजाने नेलेली सहल परतायला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतंत्र गाडी करून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही, आणि आमच्या वयात ही निश्चिंती महत्त्वाची होती.

दुपारी पासपोर्ट व व्हिसा तपासून आम्ही जहाजावर चढलो आणि संध्याकाळी गॅल्व्हेस्टनचे दिवे मागे पडले. १९०० सालच्या चक्रीवादळाने याच बेटावर हजारो माणसांचा बळी घेतला होता. त्यानंतर बांधलेली समुद्रभिंत आम्हाला सकाळी गाडीतून दिसली होती.

दुसरा आणि तिसरा दिवस : मेक्सिकोचे आखात

दोन दिवस केवळ पाणी. जेवणघरात आमच्या टेबलावर वाढणारा तरुण गोव्याच्या सासष्टीतला निघाला. आम्ही मराठीत बोलतो आहोत हे ऐकून तो कोंकणीत बोलू लागला आणि पुढे आठवडाभर आमच्या शाकाहारी जेवणाची त्याने घरच्या माणसासारखी काळजी घेतली.

या मोकळ्या वेळात मी सोबत आणलेली टिपणे पुन्हा वाचली. माया लिपीचा इतिहास मला नेहमीच अस्वस्थ करतो. झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर माया लोक आपल्या पोथ्या लिहीत आणि त्यांच्या पंख्यासारख्या घड्या घालून ठेवीत. १५६२ साली मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पंथाच्या स्पॅनिश धर्मगुरूने अशा पोथ्या आणि मूर्ती एकत्र करून जाळल्या. आज जगात केवळ चार माया पोथ्या उरल्या आहेत. त्याच लांदाने नंतर लिहिलेल्या वृत्तान्तात माया अक्षरांची एक सदोष यादी दिली, आणि सुमारे चारशे वर्षांनी, १९५२ मध्ये, युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने तिचाच आधार घेऊन ही चिन्हे उच्चारही दर्शवतात, असे दाखवून दिले. त्यानंतर तात्याना प्रोस्कुरियाकोव्हा या अभ्यासिकेने १९६० मध्ये सिद्ध केले की शिलास्तंभांवरील तारखा केवळ ग्रहताऱ्यांच्या नसून राजांच्या जन्माच्या, राज्यारोहणाच्या आणि मृत्यूच्या आहेत. माया लोकांना स्वतःचा लिखित इतिहास होता, हे जगाला इतक्या अलीकडे मान्य करावे लागले.

मुलीला मी त्यांची अंकपद्धती कागदावर काढून दाखवली. एक म्हणजे ठिपका, पाच म्हणजे आडवी रेघ आणि शून्य म्हणजे शिंपल्यासारखी आकृती. मोजणी दहाच्या नव्हे, तर विसाच्या पटीत. शून्याविषयी आपण भारतीय अभिमानाने बोलतो आणि ते योग्यच आहे, पण समुद्रापलीकडे, आपल्याशी कसलाही संबंध नसताना, या लोकांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. यामुळे आपला अभिमान कमी होण्याचे कारण मला दिसत नाही. उलट, दोन दूरच्या समाजांनी रिकाम्या जागेला चिन्ह दिले, याचा आनंद अधिक वाटतो.

चौथा दिवस, बुधवार : कोस्टा माया आणि चाक्चोबेन

कोस्टा माया हे मेक्सिकोतील माहाउआल या कोळ्यांच्या लहान गावाशेजारी खास प्रवासी जहाजांसाठी उभारलेले बंदर आहे. २००७ सालच्या 'डीन' चक्रीवादळात येथील धक्क्याची मोठी हानी झाली होती. उतरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. येथल्या किंताना रू राज्याचे घड्याळ हिवाळ्यात टेक्सासच्या एक तास पुढे असते आणि जहाज मात्र आपल्याच वेळेवर चालते. आम्ही चौघांनीही मनगटावरची घड्याळे बदलली नाहीत.

बसने तासभर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना बुटके, दाट जंगल. आमचे मार्गदर्शक पन्नाशीचे, ठेंगणे आणि अत्यंत शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रथम सांगितले की माया लोक कुठे नाहीसे झाले, असे प्रवासी त्यांना दररोज विचारतात. त्यांचे उत्तर असे, की ते स्वतः सकाळी फेलिपे कारिओ पुएर्तो गावाजवळच्या आपल्या घरून निघाले, निघताना आईशी माया भाषेत बोलले आणि संध्याकाळी परत जातील. नगरे सोडली गेली, माणसे राहिली. युकातान द्वीपकल्पातील माया भाषा आजही सात लाखांहून अधिक लोक बोलतात. त्यांच्या गावाचे जुने नाव चान सांता क्रूस. १८४७ साली माया शेतकऱ्यांनी जमीनदार आणि सरकारविरुद्ध जो उठाव केला, त्याचे ते पुढे केंद्र झाले आणि तो संघर्ष पन्नासहून अधिक वर्षे चालला. हे सर्व ऐकताना 'लुप्त संस्कृती' हा शब्द मी वर्गात कितीदा वापरला होता याची मला आठवण झाली, आणि तो यापुढे वापरायचा नाही, असे मी त्याच क्षणी ठरवले.

चाक्चोबेन म्हणजे तांबड्या मक्याचे ठिकाण. मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेने १९९४ पासून येथे जीर्णोद्धाराचे काम केले आणि २००२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. प्रवेशद्वारापासून उंच ताडांसारख्या कोहून वृक्षांच्या सावलीतून वाट जाते आणि अचानक मोकळ्या जागेत पहिले मंदिर समोर येते. त्याचे कोपरे गोलाकार आहेत. ही दक्षिणेकडील, ग्वातेमालातल्या पेतेन प्रदेशाची शैली. येथील पायऱ्यांवर चढण्यास बंदी आहे. सर्वांत मोठ्या चौथऱ्यावर गवती छपराखाली मूळ गिलाव्यावरच्या लाल रंगाचे अंश अजून दिसतात. आज आपण पाहतो तो दगड राखाडी आणि शेवाळलेला. पण त्या काळी ही मंदिरे चुन्याचा गुळगुळीत गिलावा देऊन लाल रंगवलेली असत. लोखंडाचे हत्यार नाही, ओझे वाहणारे जनावर नाही, गाडीचे चाक नाही. चुनखडी भाजून चुना करायला मात्र प्रचंड लाकूड लागे. आपल्या गडकिल्ल्यांवर चुन्याची घाणी पाहिलेल्या माणसाला त्या कष्टांची कल्पना सहज येईल.

चुन्याचा विषय निघाला तसे मार्गदर्शकांनी सांगितले की त्यांच्या घरी मका आजही चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून मग दळला जातो. मी त्यांना आपल्याकडील चुन्याच्या निवळीविषयी सांगितले. चुन्यामुळे मक्यातील पोषक घटक शरीराला मिळू शकतात. युरोपीय लोकांनी मका नेला पण ही कृती नेली नाही, म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पुढे पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग जडला.

मग ते एका झाडापाशी थांबले. खोडावर खालपासून वरपर्यंत जुन्या, भरून आलेल्या तिरप्या खाचा होत्या. ती खूण मला अपरिचित होती, पण पाने पाहताच मी हे झाड ओळखले. टोकाशी झुबक्याने येणारी, चकचकीत, गर्द हिरवी पाने. वर कुठेतरी कच्ची, खरबरीत, तपकिरी फळे. तो चिकू होता. आमच्या वाडीत मी कधी न पाहिलेल्या उंचीचा, जंगलात आपोआप उगवलेला चिकू. खोडावरच्या खाचा चीक काढणाऱ्यांनी केलेल्या होत्या. हा चीक आटवून त्याचे च्युइंगम होई, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीक गोळा करत रानोमाळ फिरणाऱ्या या मजुरांमुळेच अनेक विसरलेली माया स्थळे बाहेरच्या जगाला कळली. लाकूड इतके कठीण, की मंदिरांच्या दारांवरील चिकूच्या तुळया काही ठिकाणी हजार वर्षांनंतरही शाबूत आहेत. 'चिकू' हे नावही या झाडाच्या 'चिकोसापोते' या स्पॅनिश नावावरून आपल्यापर्यंत आलेले.

मी खोडाला हात लावला. वडील गेल्याला आता बारा वर्षे झाली. हे झाड त्यांना पाहायला मिळायला हवे होते, एवढेच माझ्या मनात आले. माया भाषेत याला काय म्हणतात, असे मी विचारले. ते म्हणाले, 'या'. शेवटी श्वास किंचित अडवून उच्चारलेला 'या'. दारात आलेल्या पाहुण्याला आम्ही हाच शब्द म्हणतो, हे मुलीने त्यांना इंग्रजीत समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी तो शब्द आमच्या उच्चाराने दोनदा म्हणून पाहिला.

पाचवा दिवस, गुरुवार : बेलीझ आणि लामानाई

बेलीझ सिटीला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. किनारा उथळ आहे आणि समोर जगातील दुसऱ्या क्रमांकाची लांब प्रवाळभिंत आहे, म्हणून जहाज खोल पाण्यात नांगरते आणि लहान बोटींनी सुमारे वीस मिनिटांत किनारा गाठावा लागतो. त्या सकाळी वारा होता. बोटींना उशीर झाला आणि आमची सहल तासभर उशिरा निघाली. तो तास लामानाईतून वजा होणार, हे उघड होते. जहाजाच्या सहलीतील खरी उणीव हीच आहे. स्थळ कितीही मोठे असले तरी त्याला मिळणारा वेळ परतीच्या बोटीवरून ठरतो.

बेलीझ म्हणजे पूर्वीचा ब्रिटिश होंडुरास, १९८१ मध्ये स्वतंत्र झालेला. उत्तरेकडे जाताना साखर कारखान्याच्या दिशेने उसाने भरलेल्या ट्रकांची रांग लागलेली दिसली, आणि गळीत हंगामातल्या सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांची आठवण झाली. ऑरेंज वॉकजवळ बस सोडून आम्ही न्यू रिव्हर या नदीवर बोटीत बसलो. येथल्या मार्गदर्शक बाईंचे पूर्वज १८४७ नंतरच्या त्याच उठावातून पळून सीमेच्या या बाजूला आले होते. काल ऐकलेल्या कथेचे दुसरे टोक आज असे अनपेक्षितपणे हाती आले.

नदीतला तास-सव्वातासाचा प्रवास मला सर्वांत आवडला. पाणी काळसर आणि संथ, दोन्ही काठांना पाण्यात उतरलेली झाडे. कमळपानांवर लांब बोटांनी चालणारे पाणपक्षी; गोगलगायी खाणारी घार; आणि एका वठलेल्या खोडावर ओळीने चिकटून झोपलेली इवलीशी वटवाघळे, जी दाखवून दिल्याखेरीज सालीहून वेगळी दिसत नाहीत. एका वळणावर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शिपयार्ड वसाहतीतील माणूस काठावर उभा होता. हे लोक १९५८ पासून येथे शेती करून राहतात. पुढे नदी रुंदावत सरोवर होते आणि त्याच्या काठी, झाडांच्या वर, उंच मंदिराचा माथा दिसतो.

लामानाई म्हणजे पाण्यात बुडालेली मगर. हे नाव विद्वानांनी नंतर दिलेले नाही. स्पॅनिश लोक आले तेव्हा येथे वस्ती होती, त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकून ते लिहून ठेवले. बहुतेक माया नगरांची रूढ नावे पुढच्या काळातली आहेत, म्हणून ही गोष्ट विशेष. नवव्या-दहाव्या शतकात दक्षिणेकडील तिकाल, कोपान, पालेंके अशी मोठी नगरे ओस पडत गेली, तेव्हा लामानाई टिकून राहिले. कायमचे पाणी आणि नदीवरचा व्यापार ही त्याची कारणे मानली जातात. कॅनडाच्या रॉयल ऑन्टारिओ संग्रहालयाचे डेव्हिड पेंडरगास्ट यांनी १९७४ पासून येथे उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांची वस्ती उजेडात आणली.

मुखवट्यांच्या मंदिरावर जिन्याच्या बाजूला सुमारे चार मीटर उंचीचा चेहरा आहे. जाड ओठ, रुंद नाक आणि डोक्यावर मगरीचे शिरस्त्राण. समोर दिसते ती मूळ चुनखडीच्या संरक्षणासाठी वरून बसवलेली प्रतिकृती आहे, हे मार्गदर्शक बाईंनी स्वतःहून सांगितले आणि मला ते फार आवडले. पाऊस आणि हातांचे स्पर्श यांच्यापासून मूळ शिल्प वाचवण्यासाठी प्रतिकृती पुढे करण्यात काहीच गैर नाही. ते लपवण्यात मात्र आहे.

मुलगी आणि जावई ३३ मीटर उंचीच्या मंदिरावर चढून गेले. याची मूळ रचना इ.स.पूर्व १०० च्या सुमाराची, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांच्या काळातली. माझे गुडघे मला तेवढी मुभा देत नाहीत, म्हणून आम्ही दोघे खाली चेंडूच्या मैदानाशी थांबलो. दोन उतरत्या भिंतींमधली ती जागा लहानशी आहे. मध्यभागी एक मोठा गोल दगड आहे, आणि त्याच्याखाली पेंडरगास्ट यांना झाकण घातलेले एक भांडे सापडले, ज्यात सुमारे १३० ग्रॅम पारा होता. चेंडूचा हा खेळ धार्मिक विधीचाही भाग होता. आरशासारखा चमकणारा, हाती न लागणारा पारा त्यांनी मैदानाच्या नेमक्या मध्यबिंदूखाली कोणत्या भावनेने पुरला असेल, याचा विचार करत मी तिथेच बसले होते. तेवढ्यात वरच्या फांद्यांतून हाउलर माकडांनी ओरडायला सुरुवात केली. तो आवाज माकडाचा वाटतच नाही. एखादे अजस्र जनावर खोल विहिरीतून गुरगुरते आहे असा भास होतो. ह्यांनी माझा हात धरला.

९ क्रमांकाचा शिलास्तंभ पाहायला आम्हाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. पूर्ण पोशाखातला राजा, भोवती चित्राक्षरांचे चौकोन आणि इ.स. ६२५ ही तारीख. त्या वर्षी आपल्याकडे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. आपण त्याच्या प्रशस्तीचा ऐहोळे येथील शिलालेख वाचतो, तसाच हाही एका राजाचा आपल्या लोकांसमोर ठेवलेला लेखच आहे. दोन्ही दगडांना वाचणारा मिळाला, हे मला मोठे भाग्य वाटते.

स्पॅनिश चर्चच्या पडक्या भिंती वाटेपासून थोड्या दूर होत्या आणि वेळ संपत आल्याने गट तिकडे जाणार नव्हता. मी विनंती केली, तेव्हा बाई आम्हा चौघांना घाईघाईने घेऊन गेल्या. सोळाव्या शतकात येथे एकापाठोपाठ दोन चर्च बांधली गेली. १६४१ साली दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले, तेव्हा त्यांना चर्च जळालेले आणि लोक उठाव करून निघून गेलेले दिसले. मानीच्या अग्नीनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी पेटलेला हा दुसरा अग्नी. इतिहासाच्या शिक्षिकेने जाळपोळीला दाद देऊ नये, आणि मी देतही नाही. पण त्या लोकांना काय वाटले असेल, हे त्या ओसाड भिंतींपाशी मला पुस्तकातल्यापेक्षा अधिक स्पष्टपणे कळले.

परतताना बोट वेगात होती. कोणीही फारसे बोलले नाही.

सहावा दिवस, शुक्रवार : कोसुमेल

जहाजाच्या धक्क्यापासून सान हेर्वासिओ बेटाच्या आतल्या भागात, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. लामानाईनंतर ही वास्तू उंचीने नगण्य वाटते, आणि गटातील काही जणांनी तसे बोलूनही दाखवले. परंतु हे स्थळ उंचीसाठी नव्हतेच. येथे इश्चेल या देवीचे ठाणे होते; चंद्राची, बाळंतपणाची, औषधांची आणि विणकामाची देवी. मुख्य भूमीवरून बायका होड्यांत बसून, समुद्राचा जोरदार प्रवाह ओलांडून तिच्या दर्शनाला येत. मूल व्हावे म्हणून, बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून. नवस बोलायला दूरवरून पायी जाणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यामुळे मला ही बुटकी, सपाट दगडी घरे मुळीच क्षुल्लक वाटली नाहीत.

दगडी कमानीतून 'साकबे', म्हणजे पांढरा रस्ता जातो. चुनखडीचा, थोडा उंचावलेला. बायका याच वाटेने येत. एका लहान घराच्या भिंतीवर लाल रंगात उमटवलेले हाताचे ठसे आहेत. बरेचसे पुसले गेले आहेत, पण दोन-तीन अजून ओळखू येतात, आणि ते लहान हातांचे आहेत. नव्या घरात किंवा नव्या सुनेच्या हाताचे कुंकवाचे ठसे आपल्याकडे भिंतीवर उमटवतात, ते पाहून वाढलेल्या माझ्या मुलीने आपला तळवा त्या ठशासमोर, भिंतीला न लावता, हवेतच धरून पाहिला.

१५१९ साली स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस याच बेटावर उतरला. त्याने येथील मंदिरातील मूर्ती फोडल्या आणि त्या जागी क्रूस उभारला. पाठोपाठ अंगावर फोड उठवणाऱ्या 'देवी' या रोगाची साथ आली आणि बेटावरची वस्ती झपाट्याने ओसरली. आज येथे वाटेवर इग्वाना हे मोठे सरडे ऊन खात पडलेले असतात.

सातवा दिवस, शनिवार : पुन्हा आखात

दिवसभर वारा होता. मी टिपणे पूर्ण केली आणि गोव्याच्या त्या मुलाला चिकूच्या खोडाचे छायाचित्र दाखवले. त्याच्या आजीच्या परसातही एक झाड आहे.

आठवा दिवस, रविवार : गॅल्व्हेस्टन

सकाळी सात वाजता जहाज धक्क्याला लागले. चाक्चोबेनच्या झाडाखालून उचललेली एक बी माझ्या पर्सच्या कप्प्यात राहिली होती. बिया आणि फळे अमेरिकेत परवानगीशिवाय आणता येत नाहीत, म्हणून उतरण्यापूर्वी मी ती जहाजावरच टाकून दिली.

ह्यूस्टनच्या वाटेवर गाडीतून घोलवडला भावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती आणि तो दिवसाच्या तोडणीचा हिशेब करत बसला होता. मी त्याला खाचांविषयी, चिकाविषयी, हजार वर्षांच्या तुळयांविषयी सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने विचारले, की तिकडच्या झाडाचे पान आपल्या कालीपत्ती जातीच्या चिकूसारखे आहे की अधिक रुंद, आणि फळ किती मोठे होते. फळे फार उंचावर होती, असे मी म्हणाले. पानाचे छायाचित्र होते, ते त्याला लगेच पाठवले.